तळ्यातला कृमी, पायातला नारू आणि भालाकंठी डोरिलेमस

मुंबई बेटावरच्या एका शाळेत ५० मुले होती. ती सगळी एका ठराविक तळ्यावर आंघोळीला जात. वर्षभरात त्यांपैकी २१ मुलांना नारू झाला. इतर शाळांतली मुले दुसऱ्या तळ्यांवर जात. त्यांच्यात मात्र नारूचे रोगी अगदी तुरळक निघाले. ही हकीकत हेन्री जॉन कार्टर या मुंबई लष्करातल्या डॉक्टराने नोंदवून ठेवली. मुंबई बेटावरील नारू आणि सूक्ष्म कृमी यांविषयीचा त्याचा लेख १८५९ साली लंडनच्या एका निसर्गविज्ञान मासिकात छापून आला.

कार्टर नुसती आकडेवारी देऊन थांबला नाही. त्याने त्या तळ्याचा गाळ आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गाळ बारीक, पारदर्शक, दोऱ्यासारख्या कृमींनी वळवळत होता. इतर तळ्यांमध्ये ते क्वचितच दिसत. या कृमीला त्याने 'उरोलेबीस पालुस्ट्रिस' असे नाव दिले आणि निष्कर्ष काढला, की हाच तळ्यातला कृमी लहानपणी आंघोळ करणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतो आणि शरीरात वाढून त्याचा नारू होतो.

आजच्या विद्यार्थ्यांनी नारू पाहिलेला नसतो, म्हणून दोन शब्द सांगायला हवेत. नारूची मादी ८० सेंटिमीटर ते एक मीटर लांब आणि शेवयीएवढी जाड असते. ती माणसाच्या कातडीखाली, बहुतेक वेळा पायात, येऊन राहते. तिथे फोड येतो, आग होते, रोगी पाय पाण्यात बुडवतो, आणि फोड फुटून मादीच्या शरीरातली लाखो पिल्ले पाण्यात सुटतात. मग तो कृमी काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचा. तुटला तर जखम चिघळते. हे सगळे संसर्गानंतर सुमारे वर्षभराने घडते, आणि खरी अडचण तीच होती. मागच्या वर्षी आपण काय केले, कोठले पाणी प्यालो, कोठे पोहलो, हे कोणाला आठवणार?

कार्टरची विचारसरणी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पाचच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, जॉन स्नो याने लंडनमध्ये कॉलऱ्याचे रोगी आणि ब्रॉड स्ट्रीटचा पंप यांची सांगड अशाच प्रकारे घातली होती. एका पाण्याचे लोक आजारी, दुसऱ्या पाण्याचे निरोगी. मग फरक पाण्यातच शोधायचा. शिवाय कातडीतून शिरण्याच्या कल्पनेला आणखी एक आधार सांगितला जाई. भिस्ती पाण्याची पखाल पाठीवर वाहतात आणि त्यांना नारू पाठीवर होतो, असे त्या काळचे डॉक्टर सांगत. जिथे पाणी लागते तिथेच कृमी निघतो, तर तो तिथूनच शिरला असणार! हा तर्क वर्गात मांडून पाहावा. बरीच मुले तो मान्य करतील, असे आम्हाला वाटते.

इथे नावांचा एक घोटाळा होण्याचा संभव आहे. त्याच सुमारास मुंबईत दुसरा एक कार्टर होता, हेन्री व्हँडाइक कार्टर. १८५८ मध्ये निघालेल्या ग्रेच्या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातली चित्रे त्याची. त्याच वर्षी तो मुंबईला आला आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागला. आपला कार्टर तो नव्हे. आपला कार्टर १८१३ मध्ये डेव्हनमध्ये जन्मला, १८६२ मध्ये निवृत्त होऊन परत गेला आणि पुढे स्पंजांचा जाणकार म्हणून नावाजला. मुंबईच्या तळ्यांतले गोड्या पाण्यातले स्पंज त्याने १८४० च्या दशकातच अभ्यासले होते. आपल्याकडे तळ्यांत आजही सापडणाऱ्या एका स्पंजाचे जातिनाम 'कार्टेरी' आहे, ते त्याच्यावरूनच. म्हणजे तळ्यातला जीव बारकाईने पाहण्याची सवय असलेला हा माणूस होता.

मग घोडे कोठे अडले? तळ्यातला कृमी आणि नारूचे पिल्लू हे एकाच प्राण्याचे दोन टप्पे आहेत, असे त्याने धरले. दोन्ही दोऱ्यासारखे, दोन्ही पारदर्शक, दोन्ही शेपटीकडे निमुळते. पण सूत्रकृमींच्या बाबतीत बाह्यरूपाला फारच थोडी किंमत आहे. बेडूक आणि सरडा यांतला फरक लांबून कळतो. दोन सूत्रकृमींमधला फरक आत डोकावल्याशिवाय कळत नाही. आणि १८५९ साली आत काय पाहायचे, याचीच फारशी माहिती कोणाला नव्हती. मोकळ्या पाण्यात आणि मातीत राहणाऱ्या सूत्रकृमींचे वर्गीकरण जेमतेम सुरू झाले होते.

सूत्रकृमीचे शरीर म्हणजे नळीत बसवलेली नळी. बाहेरची नळी कातडीची, तिच्यावर चिवट उपत्वचा. आतली नळी अन्नमार्गाची. मधल्या जागेत दाबाखाली असलेला द्रव आणि जननेंद्रिये. स्नायू फक्त लांबीच्या दिशेने असतात, गांडुळासारखे आडवे गोल स्नायू नसतात. म्हणून गांडूळ आखडते आणि लांबते, सूत्रकृमी मात्र फक्त नागमोडी वळवळतो. ही एवढी गोष्ट माहीत असली, तरी पाण्याच्या थेंबातला सूत्रकृमी विद्यार्थी लगेच ओळखतो.

आता तळ्याच्या गाळात आणि ओल्या मातीत सापडणाऱ्या एका प्रजातीकडे वळू. (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, दोन शब्दी शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा असतो.) फ्रान्समधल्या फेलिक्स द्युजार्दँ याने १८४५ मध्ये तिला डोरिलेमस हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'डोरी' म्हणजे भाला आणि 'लायमॉस' म्हणजे घसा. मराठीत भालाकंठी म्हणायला हरकत नाही. तिची नमुना म्हणून मानलेली जात डोरिलेमस स्टॅग्नॅलिस, म्हणजे साचलेल्या पाण्यातला डोरिलेमस. सूत्रकृमींच्या मानाने हा धिप्पाड प्राणी आहे, कित्येक मिलिमीटर लांब. नीट प्रकाशात धरला तर नुसत्या डोळ्यांनाही पांढऱ्या केसाच्या तुकड्यासारखा दिसतो.

भाला खरोखरच आहे. तोंडाच्या पोकळीत एक पोकळ दात असतो, इंजेक्शनच्या सुईप्रमाणे टोकाशी तिरका कापलेला. कृमी तो पुढे ढकलून शेवाळाच्या पेशीत, एखाद्या अंड्यात किंवा दुसऱ्या लहान प्राण्यात खुपसतो आणि आतला रस ओढून घेतो. त्यामागे ग्रसनी. ती पुढच्या भागात बारीक असते आणि मागच्या भागात एकदम रुंदावून स्नायूंचा लांब दंडगोल होतो. तोंडाभोवती सहा ओठ आणि त्यांवर स्पर्शाचे बारीक उंचवटे. उपत्वचेवर डोक्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या उभ्या रेघा, किंबहुना बारीक कडाच, असतात.

या भाल्याची एक गंमत आम्हाला फार आवडते. सूत्रकृमी वाढताना चार वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी भालाही टाकून देतो. नवा भाला आधीच तयार असावा लागतो. तो मागे, ग्रसनीच्या भिंतीत घडत असतो. त्यामुळे पिल्लू पाहिले तर दोन भाले दिसतात, एक तोंडात वापरातला आणि दुसरा थोडा मोठा, घशात शिलकीत ठेवलेला. प्रौढात शिलकीचा भाला नसतो. म्हणून हा प्राणी पिल्लू की प्रौढ, हे जननेंद्रियांकडे न पाहताही सांगता येते.

नर-मादीची शेपटी हा दुसरा चकवा. मादीची शेपटी लांब, चाबकाच्या दोरीसारखी बारीक होत जाते. नराची आखूड आणि बोथट गोल. दोघे वेगवेगळ्या बशीत सापडले, तर अननुभवी माणूस त्यांना दोन जाती समजेल.

आता शेजारी नारूचे पिल्लू ठेवू. लांबी सुमारे ०.६ मिलिमीटर. तोंडात भाला नाही, शिलकीचाही नाही. उपत्वचेवर उभ्या कडांऐवजी आडव्या रेघा. शेपटी सुईसारखी लांब. डोरिलेमसची मादी थोडी पण मोठी अंडी घालते, तर नारूची मादी अंडी न घालता पिल्लांनी गच्च भरलेली पिशवीच होऊन जाते. आणि सगळ्यांत निर्णायक मुद्दा असा, की डोरिलेमस गाळातच प्रौढ होतो, गाळातच अंडी घालतो आणि त्याची पिल्लेही गाळातच वाढतात. त्याचे जीवनचक्र तळ्यात पूर्ण होते. त्याला माणसाच्या पायाची गरजच नाही.

हे आतले पाहण्याची शिस्त घालून दिली ती हेन्री चार्लटन बॅस्टियन या तरुण इंग्रज डॉक्टराने. गंमत म्हणजे तोही नारूपासूनच सुरुवात करून मोकळ्या सूत्रकृमींपर्यंत पोहोचला. १८६३ मध्ये त्याने नारूच्या शरीररचनेवर मोठा निबंध लिहिला. मग नारूचे मातीत-पाण्यात राहणारे नातेवाईक कोणते, या प्रश्नाने त्याला पछाडले. १८६५ मध्ये लंडनच्या लिनीअन सोसायटीने त्याचा दुसरा निबंध छापला आणि त्यात १०० नव्या जातींची वर्णने होती. टायलेंकस, ॲफेलेंकस, सेफॅलोबस, प्लेक्टस, मोनोंकस ही आज कृषी विद्यापीठांत रोज ऐकू येणारी प्रजातींची नावे या एकाच निबंधातली आहेत. पुढे घोड्याच्या आतड्यातल्या जंताचे विच्छेदन करताना त्याला त्याची इतकी तीव्र ॲलर्जी जडली, की सूत्रकृमींचे काम सोडून द्यावे लागले. नंतर तो निर्जीवातून जीव आपोआप निर्माण होतो, या मताचा कट्टर पुरस्कर्ता झाला आणि पाश्चरशी वाद घालत बसला. सूत्रकृमिशास्त्राचे त्यात नुकसानच झाले, असे आमचे मत आहे.

नारूचे कोडे मात्र शरीररचनेने सुटले नाही. ते प्रयोगाने सुटले. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्ट याने दुसऱ्या एका कृमीची पिल्ले सायक्लॉप्स या पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यात वाढताना पाहिली होती. त्याच्या सूचनेवरून अलेक्सेई फेदचेन्को या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने तुर्कस्तानात नारूची पिल्ले घेऊन तसाच शोध घेतला. ती सायक्लॉप्सच्या शरीरात वाढतात, हे त्याने १८७१ मध्ये प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आतच, तो आल्प्समध्ये हिमनदीवर मरण पावला. १९०७ च्या सुमारास रॉबर्ट लायपर याने संसर्ग झालेले सायक्लॉप्स माकडाला खाऊ घातले आणि काही महिन्यांनी त्याच्या शरीरात नारू मिळवले. मग १९१० च्या दशकात परळच्या मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. तुरखुड यांनी माणसावर पुरावा मिळवला. स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना त्यांनी असे सायक्लॉप्स पाण्यातून दिले आणि नारू पोटातून होतो, हे दाखवले. ज्या शहरात कातडीची उपपत्ती मांडली गेली, त्याच शहरात सुमारे अर्ध्या शतकानंतर ती निकालात निघाली.

हा काही नुसता पंडितांचा वाद नव्हता. नारू कातडीतून येत असेल, तर उपाय एक, तळ्यात उतरू नका. पण उतरला नाहीत आणि तेच पाणी घागरीने आणून प्यालात, तर? बंदी पाळूनही नारू होतच राहील. नारू पोटातून येत असेल, तर उपाय अगदी वेगळा आणि स्वस्त आहे, तो म्हणजे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पिणे. सायक्लॉप्स फडक्यात अडकतो. त्याच्या जोडीला पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्यांवर पंप बसवायचे, म्हणजे नारूचा पाय पाण्यात बुडणारच नाही. भारतात १९८० च्या दशकात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम नेमका याच दोन गोष्टींवर उभा राहिला, आणि सोबत सायक्लॉप्स मारणारे औषध वापरले गेले. १९८४ साली देशात सुमारे ४० हजार रोगी नोंदले होते आणि महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होते. शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. २०२१ पासून साऱ्या जगात वर्षाला विसापेक्षा कमी माणसांना नारू झाल्याची नोंद आहे, ती मुख्यतः आफ्रिकेतली. नारूवर लस नाही, आतल्या कृमीला मारणारे खात्रीचे औषधही नाही; गाळलेल्या पाण्यावर आणि आच्छादलेल्या विहिरीवर हे सारे साधले.

मग त्या २१ मुलांचे काय? कार्टरने मोजलेले आकडे खोटे ठरत नाहीत. आंघोळ करणारी मुले डुंबताना पाणी गिळतात, आणि तहान लागली तर ओंजळीने पितातही. नारूचा एखादा रोगी त्याच तळ्यात पाय धूत असेल आणि तळ्यात सायक्लॉप्स भरपूर असतील, तर इतके पुरे. गाळात सूत्रकृमी जास्त होते, कारण तळे सेंद्रिय कचऱ्याने समृद्ध होते. अशाच पाण्यात सायक्लॉप्सही माजतात. दोन गोष्टी एकाच ठिकाणी वाढत होत्या, एवढाच त्यांचा संबंध. सूक्ष्मदर्शकाखालच्या त्याच पाण्यात खरा वाहक इकडून तिकडे उड्या मारत असण्याचा संभव मोठा आहे.

डोरिलेमसची पुढची कथा वर्गीकरणाची आहे. भाला दिसला की डोरिलेमस, असे अनेक वर्षे चालले आणि या एका प्रजातीत शेकडो जाती कोंबल्या गेल्या. डच प्राणिशास्त्रज्ञ द मान याने १८८० च्या सुमारास मोजमापांची पद्धत रूढ केली. कृमीच्या लांबीला रुंदीने भागायचे, मग ग्रसनीच्या लांबीने, मग शेपटीच्या लांबीने. समजा कृमी ४ मिलिमीटर लांब आणि ०.१ मिलिमीटर रुंद आहे, तर पहिले गुणोत्तर ४०. ही गुणोत्तरे आजही प्रत्येक नव्या जातीच्या वर्णनात असतात. त्यांच्या आणि भाल्याच्या, शेपटीच्या, उपत्वचेच्या आधारे विसाव्या शतकात ही खोगीरभरती निस्तरली गेली. हंगेरीच्या आंद्राशी याने १९५९ मध्ये मेसोडोरिलेमस, युडोरिलेमस अशा प्रजाती वेगळ्या काढल्या. भारतीय सूत्रकृमितज्ज्ञ एम. आर. सिद्दिकी यांनी १९६९ मध्ये लायमिडोरस ही प्रजाती स्थापन केली. ती डोरिलेमससारखीच, पण उपत्वचेवर उभ्या कडा नसलेली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ या गटाच्या अभ्यासाचे जगातले एक मोठे केंद्र बनले. तिथल्या जयराजपुरी आणि वसीम अहमद यांचा भालाकंठी कृमींवरचा १९९२ चा ग्रंथ अभ्यासकांच्या हाताशी असतो.

१९९८ मध्ये ब्लॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी रेणूंच्या आधारे सूत्रकृमींचा वंशवृक्ष मांडला. त्यात डोरिलेमसचे कुळ आणि नारू एकमेकांपासून फार दूरच्या फांद्यांवर आले. डोरिलेमसच्या फांदीवर शेजारी निघाला माणसाच्या आतड्यातला चाबूककृमी. दिसायला दोघांत काही साम्य नाही. पण चाबूककृमीच्या पहिल्या अवस्थेतल्या पिल्लाच्या तोंडात बारीक भाला असतो!

डोरिलेमस पाहायला मुंबईच्या त्या तळ्याकडे जाण्याची गरज नाही. भिवंडीसारख्या गावात तर निवड करायला वाव आहे: वऱ्हाळादेवी तलावाच्या काठची ओली माती, तालुक्यातल्या भातखाचरांचे बांध, कामवारी नदीचा काठ. पृष्ठभागाखालची पाच ते दहा सेंटिमीटर खोलीची मूठभर माती घ्यावी. फनेलच्या नळीला रबरी नळी जोडून चिमटा लावावा, फनेलमध्ये पाणी भरावे आणि मलमलीच्या पुरचुंडीत माती बांधून ती पाण्याला टेकेल अशी ठेवावी. सूत्रकृमी वळवळत बाहेर पडतात, पण त्यांना वर पोहता येत नाही, म्हणून ते खाली नळीत जमतात. दुसऱ्या दिवशी चिमटा सैल करून चार थेंब काढावेत. ही युक्ती बेअरमन याने जावा बेटावर अंकुशकृमींच्या शोधासाठी काढली आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. मोठे डोरिलेमस जरा सुस्त असतात आणि फनेलमधून कमी उतरतात. त्यांच्यासाठी माती बादलीत ढवळून, जड कण खाली बसू देऊन वरचे पाणी बारीक चाळणीतून गाळावे.

शंभरपट मोठे करणारा शाळेचा सूक्ष्मदर्शक भाला पाहायला पुरतो. ज्यांच्या ग्रसनीच्या शेवटी गोल गाठ दिसते आणि भाला दिसत नाही, ते बहुधा जीवाणू खाणारे ऱ्हॅब्डिटिससारखे कृमी. या दोघांचे प्रमाण मोजणे हा विद्यार्थ्यांसाठी खरा प्रकल्प होऊ शकतो. टॉम बोंगर्स या डच शास्त्रज्ञाने १९९० मध्ये सूत्रकृमींच्या कुळांना एक ते पाच असे गुण दिले. भराभर वाढणारे, घाण आणि उलथापालथ सोसणारे एक गुणाचे. सावकाश वाढणारे, प्रदूषणाने आधी नाहीसे होणारे चार-पाच गुणांचे. ऱ्हॅब्डिटिसच्या कुळाला एक, डोरिलेमसच्या कुळाला चार. भिवंडीत कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे पाणी नाल्यांतून कामवारीकडे जाते. नाल्याकाठच्या मातीचे पाच नमुने आणि दूरच्या भाताच्या बांधाचे पाच नमुने एकाच दिवशी घेऊन दोन्हींतले भालेवाले आणि बिनभाल्याचे कृमी मोजावेत. नाल्याकाठची माती घेताना रबरी हातमोजे घालावेत, आणि प्रत्येक नमुन्याच्या पिशवीवर जागा, तारीख व मातीची खोली लिहून ठेवावी.